शनिवारची पावलं रविवारी चालत नाहीत

इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये, विंडरमिअर आणि कॉनिस्टन या तळ्यांच्या मधल्या पट्ट्यात टेकाडं, दलदल, कातळ आणि जुन्या दगडी भिंती नुसत्या खच्चून भरल्यात. इथे ओरिएंटिअरिंगची, म्हणजे नकाशा-कंपासच्या आधाराने ठरलेले झेंडे क्रमाने शोधत धावायची, शनिवारी छोटी मिडल आणि रविवारी लांब पल्ल्याची लाँग अशी जोडशर्यत धरली की नवख्याचं गणित बहुतेक वेळा रविवारी, अर्धा कोर्स उलटल्यावर बिघडतं. कंपास तोच, नकाशा वाचायची अक्कलही तीच. फक्त थांबून नकाशा बघायचा कंटाळा येतो, कारण थांबलेले पाय पुन्हा हलवणं जिवावर येतं. आणि न बघता चालत राहिलेली दोन मिनिटं पुढे वीस मिनिटं खातात.

आधी पावलांचं बघू, कारण ही चूक कुणाच्या ध्यानातच येत नाही. अंतर मोजताना आपण एकाच पायाची पावलं धरतो. डावा टेकला की एक. ताज्या पायांनी समजा १०० मीटरला ४० पावलं पडतात. रविवारी दीड तासानंतर पाय ओढत चालताना त्याच १०० मीटरला ४६ लागतात. ३०० मीटरच्या टप्प्याला तुम्ही सवयीने १२० मोजून थांबता, पण गेलेले असता जेमतेम २६० मीटर. कंट्रोल म्हणजे झेंड्याची जागा; तिच्याभोवती नकाशावर काढलेलं वर्तुळ जमिनीवर साधारण ७५ मीटर व्यासाचं, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत साडेसदतीस. थोडक्यात, तुम्ही वर्तुळाच्या बाहेर उभे राहून आतला झेंडा शोधताय! म्हणून कोर्सच्या मध्यावर भिंतीच्या किंवा वाटेच्या कडेने जाणारा टप्पा आला की दोन पक्क्या खुणांमधली पावलं पुन्हा मोजा आणि उरलेल्या शर्यतीला तोच आकडा वापरा. उभ्या चढावर पावलांचा नाद सोडा, कंटूर (नकाशावरच्या समान उंचीच्या तपकिरी रेषा) मोजा. आणि स्टार्टला नकाशा हातात आला की आधी स्केल वाचा. शनिवारी १:१०००० आणि रविवारी १:१५००० असेल, तर कालचा १०० मीटरचा सेंटिमीटर आज १५० चा झालेला असतो.

सह्याद्रीत फिरलेल्यांना एक फायदा आहे. सोंड, घळ, खिंड, टेपाड हे शब्द डोक्यात असले की तपकिरी रेषांमधून जमीन लगेच उभी राहते. तोटा असा की आपल्याला मळलेली वाट धरायची सवय. ब्रिटनमध्ये कोर्सेसना लांबी आणि कठीणपणानुसार रंगांची नावं असतात; त्यातल्या ग्रीन, ब्लू, ब्राऊन या कठीण कोर्सेसना वाट अनेकदा नसतेच, आणि वाटेत विचारायला गावातले मामाही नसतात.

सोंडेला एकाच उंचीवरून वळसा घालायचा असेल तर थकलेले पाय नकळत उताराकडे सरकतात. पाच मीटरची एक कंटूर कधी हातची गेली ते कळत नाही, आणि घळ बरोबर सापडूनही झेंडा डोक्यावर कुठेतरी राहतो. त्यावर इलाज साधा आहे: आडवा आलेला प्रत्येक ओंडका, प्रत्येक दगड वरच्या बाजूने ओलांडायचा.

चढाचा हिशेबही आधीच करून ठेवा. एक मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे आठ ते दहा मीटर. पाच मीटरच्या सहा रेषा चढायच्या तर ३० मीटर चढ. त्यापेक्षा २५० मीटरचा सपाट वळसा बरा. हा निर्णय कंट्रोलवर धापा टाकत उभं राहून घेऊ नये, आधीच्या टप्प्यात सोपी वाट असते तेव्हा घ्यावा.

रविवारी सरळ नेम धरून थेट झेंड्यावर जायची हौस नको. कंट्रोलजवळची चुकणार नाही अशी खूण निवडा, म्हणजे भिंतीचा कोपरा किंवा ओढा-वाट जिथे छेदतात ती जागा. तिथपर्यंत हवं तसं धावा. तिथून पुढचे शंभर-दीडशे मीटर मात्र कंपास समोर धरून, चालत. भिंतीवरचं एखादं वळण गाठायचं असेल तर मुद्दाम तीसेक मीटर डावीकडे नेम धरा. भिंत लागली की उजवीकडे वळायचं हे तरी नक्की असतं.

झेंडा मिळाल्याच्या आनंदात सगळ्यात मोठी चूक होते. डिबर (बोटाला अडकवायची, कंट्रोलची नोंद ठेवणारी इलेक्ट्रॉनिक चिप) टोचला, बीप वाजला आणि माणूस ज्या दिशेला तोंड आहे त्या दिशेला सुटला. कंपासची लाल सुई नकाशाच्या उत्तरेऐवजी दक्षिणेला जुळवून थेट उलट जाणारेही कमी नाहीत. कंट्रोल सोडताना पहिली दहा पावलं चालायचीच, नकाशा सुईशी जुळवत. डिबर टोचण्याआधी खांबावरचा नंबर वर्णनपत्रिकेशी, म्हणजे आपल्या कोर्सच्या कंट्रोलच्या यादीशी, ताडून बघा. शेजारच्या घळीत दुसऱ्या कोर्सचा झेंडा असू शकतो, आणि चुकीचा टोचून पुढे गेलात की अख्खी शर्यत बाद.

तरीही हरवलात तर दोन मिनिटं शोधा, त्यापुढे नाही. थकलेलं डोकं समोरच्या टेपाडाला नकाशावरचं टेपाड ठरवून मोकळं होतं, आणि न जुळणारी दलदल ‘सुकली असेल’ म्हणून सोडून देतं. एकही गोष्ट जुळत नसेल तर जागा चुकलीय. शेवटच्या खात्रीच्या खुणेवर परत जा. जीव तुटतो, पण बहुधा तेच स्वस्त पडतं.

ही सगळी काळजी पोटात काही असेल तरच जमते. शनिवारची शर्यत संपल्यावर तासाभरात वजनाच्या दर किलोला साधारण एक ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं. ६० किलोच्या माणसाला अडीच केळी किंवा दोनशे ग्रॅम शिजलेला भात पुरे. मेतकूट-भात किंवा दहीभात उत्तम. पबमधले तळलेले चिप्स नंतर. रविवारी दीड तासाच्या पुढे जाणार असाल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम, आणि पहिला घास भूक लागायच्या आधी, अर्ध्या-पाऊण तासाला. भूक लागल्यावर खाल्लेलं कामाला यायला वेळ लागतो, तोवर दोन कंट्रोल हुकलेले असतात. ओल्या बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला.

शनिवारी ब्लू केला असेल तर रविवारी ग्रीन घ्यायला लाजू नका. दोन्हींची तांत्रिक पातळी पाचच, ग्रीन फक्त आखूड. लाइट ग्रीन मात्र चौथ्या पातळीचा, म्हणजे सोपा.

मध्येच सोडून द्यावंसं वाटलं तर खुशाल सोडा, पण थेट गाडीकडे जाऊ नका. फिनिशला जाऊन डिबर डाउनलोड कराच, म्हणजे तुम्ही परत आल्याची नोंद होते. नाहीतर तुम्ही गाडीत हीटर लावून बसलेले असता आणि आयोजक पावसात तुम्हाला शोधत हिंडतात. पाय मुरगळून जागचं हलता येत नसेल तर जाकीट घाला, शिट्टी काढा: मिनिटात सहा वेळा फुंकायची, मग एक मिनिट गप्प, पुन्हा सहा.