सज्जनगडाच्या पायऱ्यांवर साखर उतरली तेव्हा

साताऱ्यात शाहूपुरीला माझ्या नवऱ्याच्या, निखिलच्या, आत्या राहतात, त्यामुळे हॉटेल बघायचा प्रश्नच नव्हता. पुण्याहून निघालो, खंबाटकीच्या अलीकडे नेहमीप्रमाणे अडकलो आणि पोचेपर्यंत रात्रीचे अकरा वाजून गेले. आत्या जाग्या होत्या. गरम भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा आणि ताटात कडेला एक कंदी पेढा. पेढा वाढला आणि लगेच उचललाही. "तुला चालत नाही ना गं."

"चालतो आत्या. तेवढं इन्सुलिन घेते."

त्यांनी निखिलकडे बघितलं. त्याने मान डोलावली तेव्हा पेढा परत ताटात आला.

मला शाळेत असल्यापासून टाईप वन डायबिटीस आहे. गोड खाऊन हा होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या संपवते. मग इन्सुलिन बाहेरूनच घ्यावं लागतं, रोज, जन्मभर. माझ्या कमरेला पंप असतो. त्यातून बारीक नळीने पोटाच्या कातडीखाली थोडं थोडं इन्सुलिन जात राहतं, तो बेसल. जेवताना आकडा घालून वेगळा डोस घेते, तो बोलस. दंडावर सेन्सर आहे, तो दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा मोबाईलवर पाठवतो. लोकांना कमरेवरचा पंप दिसतो आणि वाटतं, आता हिला काही बघावं लागत नसेल. बघावं लागतं. चढ असेल तर जास्तच.

सकाळी पोहे झाले. चढायचं म्हणून बोलस नेहमीपेक्षा कमी घेतला आणि निघायच्या तासभर आधी बेसल निम्म्यावर आणून ठेवला. चढताना स्नायू साखर भराभर ओढून घेतात आणि इन्सुलिनही एरवीपेक्षा जोरात लागू पडतं, त्यामुळे ही तयारी आधीच करावी लागते. पायऱ्यांपाशी पोचून बेसल कमी केला तर तोवर आधीचं इन्सुलिन कामाला लागलेलं असतं.

सज्जनगड साताऱ्याहून जवळ. गाडी बरीच वर जाते, पुढे पायऱ्या. भाद्रपदातलं धुकं, खाली उरमोडीचं भरलेलं पाणी मधूनच दिसायचं आणि मधूनच जायचं. निखिल गाडी लावायला मागे थांबला होता. पहिल्या दरवाजाच्या अलीकडे सेन्सरचा अलार्म वाजला. 74, आणि खाली जाणारे दोन बाण, म्हणजे साखर भराभर उतरत होती. इन्सुलिन पंपाने स्वतःहून थांबवलं होतं. पण पंप थांबला म्हणून साखर चढत नाही. कातडीखाली आधी गेलेलं इन्सुलिन तीन-चार तास आपलं काम करतच राहतं. तेव्हा साखर खायलाच लागते.

तोवर ओठ बधिर व्हायला लागले होते. गार वारा सुटलेला आणि माझी मान घामाने ओली. समोरच्या पायरीची कड नीट दिसेना. मी तिथेच भिंतीला टेकून बसले. खिशात ग्लुकोज पावडरची पुडी होती. मी घरी काट्यावर मोजून 15-15 ग्रॅमच्या पुड्या बांधते. बाकीच्या पुड्या सॅकमध्ये आणि सॅक निखिलच्या पाठीवर. पुडी फाडली, तळहातावर ओतली, हात तोंडाकडे नेला आणि आत्यांनी मनगट धरलं.

"अगं, साखर काय खातेस! तुला शुगर आहे ना?"

पावडर पायरीवर सांडली. नारंगी रंगाची, ओल्या दगडावर पडताच विरघळायला लागली.

मला ओरडायचं होतं. शब्द सापडत नव्हते. साखर 60 च्या आसपास आली की माझं असं होतं, वाक्य डोक्यात असतं आणि जिभेवर येत नाही. आत्या घाबरल्या होत्या, त्यांचा हात माझ्या हाताइतकाच थरथरत होता. येणारे-जाणारे थांबले. एक काका म्हणाले, शुगर वाढली असेल, यांना पाणी द्या. दुसरे म्हणाले, माझ्या साडूला शुगर आहे, तो रोज कडुलिंबाचा पाला खातो. कुणीतरी पंपाकडे बोट करून म्हणालं, ते मशीन काढून ठेवा आधी. पंप काढून तेव्हा काहीच साधलं नसतं, आणि तसाच काही तास बाजूला राहिला असता तर साखर आणि कीटोन (इन्सुलिन नसलं की शरीरात तयार होणारी आम्लं) चढून दुसरंच संकट उभं राहिलं असतं, कारण पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं, शरीरात त्याचा साठा नसतो. हे सगळं मला माहीत होतं आणि सांगता येत नव्हतं.

चार पायऱ्या वर एक ताई लिंबू सरबत घेऊन बसल्या होत्या. त्यांनी हे सगळं बघितलं असणार. पेला हातात घेऊनच खाली आल्या. आत्या म्हणाल्या, "बिनसाखरेचं द्या हो, हिला शुगर आहे." ताईंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि मला विचारलं, "साखर किती घालू?"

मी तीन बोटं दाखवली.

"बारका चमचा का मोठा?"

मी बोटांनीच बारका म्हणून दाखवलं. त्यांनी डब्यातून तीन चमचे साखर अगदी शीग लावून घातली, खडखडून ढवळली आणि पेला माझ्या हातात न देता माझ्या ओठांना लावून धरला. चहाचे तीन भरलेले चमचे म्हणजे 15 ग्रॅमच्या जवळपास. त्यांना हे ठाऊक असेल-नसेल, पण तिथे इतक्या माणसांत मला विचारणाऱ्या त्या एकट्याच होत्या. मागाहून निखिलने पैसे दिले तर त्यांनी पेल्याचे वीस रुपये घेतले, बरं वाटलं का विचारलं आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळल्या. मला त्यांचं ते वागणं फार आवडलं.

मग पंधरा मिनिटं. 15 ग्रॅम साखर, 15 मिनिटं थांबायचं, परत तपासायचं आणि अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा 15 ग्रॅम. वाचायला सोपं आहे. बसून काढायला ही पंधरा मिनिटं महाकठीण, कारण सगळं शरीर खा-खा म्हणत असतं. आता आत्यांना पटलं होतं, त्यामुळे त्यांनी पर्समधून पेढ्यांची पुडी काढली. मी मान हलवून नको म्हटलं, तर त्यांना पुन्हा कळेना. पेढा गोड असतो, पण तो खव्याचा. स्निग्धांशामुळे त्यातली साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. चॉकलेटचंही तेच. अशा वेळी साधी साखर, ग्लुकोज, मध, असलं लगेच भिनणारं लागतं.

निखिल आला तोवर वेळ भरली होती. मोबाईलवर आकडा 57, बाण अजून खालीच. आत्यांच्या तोंडाला कोरड पडली. निखिलने माझं बोट टोचलं. 83. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो आणि तो आकडा काही मिनिटं मागे असतो. साखर वेगाने बदलत असली की फरक जास्त. मोबाईलवरच्या 57 ला घाबरून अजून दोन पेले प्यायले असते तर तासाभरात अडीचशेच्या पुढे गेले असते. म्हणून मीटर आणि पट्ट्या आम्ही कुठेही बरोबर ठेवतो, सेन्सर कितीही चांगला असला तरी.

अर्ध्या तासाने चढलो. समर्थांच्या समाधीपाशी ती नेहमीची शांतता होती, आणि माझा पंप पुन्हा वाजला, इन्सुलिन परत सुरू झाल्याचं सांगायला. शेजारचे गृहस्थ चिडून म्हणाले, "मोबाईल बंद करता येत नाही का?" मी काही बोलायच्या आत आत्या म्हणाल्या, "मोबाईल नाहीये तो. औषध आहे तिचं." धाब्याच्या मारुतीपर्यंत जाऊन आलो. प्रसाद घेतला, डोस अंदाजाने आणि थोडा हात आखडूनच घेतला. उतरताना काहीही झालं नाही.

खरी काळजी रात्रीची असते. अंगमेहनतीचा परिणाम चोवीस तासांपर्यंत टिकू शकतो आणि झोपेत साखर उतरते. मी रात्रीचा बेसल वीस टक्के कमी केला. हे करत असताना आत्या पलंगावर येऊन बसल्या. दुपारपासून त्या गप्प होत्या. "आणि तुला गिळताच आलं नाही तर काय करायचं?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत सासर-माहेरच्या कुणीही हा प्रश्न मला विचारला नव्हता. मी सगळं सांगितलं. शुद्ध हरपली तर तोंडात काहीच घालायचं नाही, पाणी नाही, साखर नाही, श्वासात अडकतं. कुशीवर वळवायचं. सॅकच्या बाजूच्या कप्प्यात ग्लुकॅगॉन आहे, ते यकृतातली साठवलेली साखर बाहेर काढतं, निखिलला देता येतं. आणि 108 ला फोन. आत्यांनी सॅक मागून घेतली, कप्प्याची चेन उघडून डबी बघितली, कशी उघडायची ते दोनदा विचारलं आणि स्वतःच्या हाताने परत ठेवली. त्यानंतर मी साताऱ्यात अगदी गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी कास. तेरडा आणि सीतेची आसवे भरात होती, पण सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. यवतेश्वरच्या घाटापासूनच गाड्यांची रांग, आणि कुंपणापलीकडे फुलांत पाय देऊन फोटो काढणारी माणसं बघवत नाहीत. बेसल कालच्यासारखाच निम्मा ठेवला होता, नाश्ताही तोच, चालणं जवळजवळ तेवढंच. साखर 190 वर जाऊन बसली आणि दुपारपर्यंत हलली नाही. परतीच्या वाटेवर निखिलच्या भावाचा फोन आला. सज्जनगडावरचं आत्यांनी त्याला कळवलं होतं. त्याने विचारलं, "काल नक्की काय चुकलं होतं?" आत्यांनी फोन स्पीकरवर घेतला होता. त्याच म्हणाल्या, "काही चुकलं नव्हतं. तिची साखर उतरली होती."