इलेक्ट्रिक गाडीच्या फ्यूज बॉक्समधून डॅशकॅमला वीज देताना

गळीत हंगाम सुरू झाला की निपाणी, संकेश्वर, चिक्कोडी, अथणी या पट्ट्यातल्या रस्त्यांवर रात्री गाडी चालवणे जिकिरीचे होते. एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना लाल दिवा ना परावर्तक पट्टी, आणि ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, हे दृश्य आपल्याकडे कुणाला नवे नाही. अपघात झाला की चूक कोणाची यावर रस्त्यातच वाद सुरू होतो; गाड्यांपैकी एक केए २२ (बेळगावची) आणि दुसरी एमएच ०९ (कोल्हापूरची) असली, तर तो वाद आणखी लांबतो. जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो आणि आपल्यातल्या पुष्कळांना तो नीट वाचता येत नाही. अशा वेळी घटनेचे चित्रण हाताशी असणे फार मोलाचे ठरते, म्हणून डॅशकॅम, म्हणजे पुढच्या काचेवर लावून रस्त्याचे चित्रण करणारा छोटा कॅमेरा, ही मला चैनीची वस्तू वाटत नाही.

हा कॅमेरा लायटरच्या सॉकेटमध्ये खोचूनही चालतो, परंतु मग वायर लोंबत राहते आणि गाडी बंद होताच बहुतेक गाड्यांत कॅमेराही बंद होतो. बेळगावच्या खडेबाजारात गाडी लावून खरेदीला गेल्यावर कुणी धडक देऊन निघून गेले, तर त्याचा काहीच पुरावा उरत नाही. त्यासाठी कॅमेऱ्याची वायर थेट फ्यूज बॉक्सपर्यंत न्यावी लागते. पेट्रोल-डिझेल गाड्यांमध्ये हे काम कसे करावे याची माहिती भरपूर मिळते. इलेक्ट्रिक गाडीत मात्र काही गोष्टी निराळ्या आहेत आणि त्या समजून न घेता केलेली जोडणी गाडी जागेवर उभी करू शकते.

इलेक्ट्रिक गाडीत दोन बॅटऱ्या असतात, हे पहिल्यांदा लक्षात घ्यावे. मोटार चालवणारी मोठी बॅटरी बहुतेक गाड्यांत काहीशे व्होल्टची असते. तिच्या केबली नारिंगी रंगाच्या असतात आणि त्यांना कोणत्याही कारणासाठी हात लावायचा नसतो. दिवे, कुलुपे, वायपर, डॅशबोर्डावरची स्क्रीन आणि गाडीतले सगळे छोटे संगणक चालतात ते १२ व्होल्टच्या लहान बॅटरीवर, आणि डॅशबोर्डाखालचा फ्यूज बॉक्स याच लहान बॅटरीचा असतो. इंजिनच्या गाडीत ही बॅटरी अल्टरनेटर भरतो. इथे अल्टरनेटर नसल्यामुळे डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतली वीज कमी दाबावर आणून तिला देतो. पण मोठी बॅटरी बाकीच्या यंत्रणेला जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारे मोठे स्विचसुद्धा १२ व्होल्टवरच चालतात. लहान बॅटरी संपली की कॉन्टॅक्टर बसत नाहीत, आणि मोठ्या बॅटरीत नव्वद टक्के चार्ज असला तरी गाडी सुरू होत नाही. आमच्या ओळखीचे शहापूरमधले एक कुटुंब लग्नासाठी रेल्वेने पुण्याला गेले होते. परत आले तेव्हा गाडीचे दारही रिमोटने उघडेना. कॅमेरा सतत चालू राहणाऱ्या फ्यूजवर जोडलेला होता आणि मध्ये वीज तोडणारे काहीच नव्हते.

हिशोब अगदी सोपा आहे. कॅमेरा ४ वॅट खात असेल, तर १२ व्होल्टवर तो सुमारे ०.३३ अँपिअर घेतो. म्हणजे २४ तासांत ८ अँपिअर-तास. लहान बॅटरी ४० अँपिअर-तासांची धरली, तर अडीच दिवसांत निम्मी बॅटरी एकट्या कॅमेऱ्याने संपवली असे होते. काही गाड्या उभ्या असतानाही अधूनमधून मोठ्या बॅटरीतून लहान बॅटरी आपोआप भरून घेतात, परंतु आपली गाडी तसे करते की नाही हे मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय गृहीत धरू नये.

म्हणून तीन वायरींचा हार्डवायर किट, म्हणजे कॅमेरा फ्यूज बॉक्सला जोडायचा वायरींचा संच, घ्यावा. त्यातली एक वायर सतत वीज असलेल्या फ्यूजला, दुसरी गाडी चालू केल्यावरच वीज येणाऱ्या फ्यूजला आणि तिसरी बॉडी अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला जाते. पुष्कळ किटमध्ये त्या अनुक्रमे पिवळी, लाल आणि काळी असतात, तरी सोबतचा कागद वाचूनच खात्री करावी. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेले की वीज तोडण्याची सोय किटमध्ये हवीच. दोन वायरींचे काही किट व्होल्टेज वाढले की गाडी चालू झाली असे समजतात. इलेक्ट्रिक गाडीत नुसत्या चार्जिंगनेही व्होल्टेज वाढते, त्यामुळे ते माझ्या मते इथे कामाचे नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचे काम, आणि ते स्क्रू ड्रायव्हरचे नसून व्होल्टेज मोजणाऱ्या मल्टीमीटरचे आहे. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा तक्ता फ्यूज कशाचा आहे एवढेच सांगतो. तो कोणत्या वेळी जिवंत असतो हे बहुधा सांगत नाही. फ्यूज न काढता त्याच्या माथ्यावर दिसणाऱ्या दोन बारीक धातूच्या टोकांवर लाल प्रोब टेकवून आणि काळा प्रोब बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टवर धरून व्होल्टेज मोजता येते. हे मोजमाप मी चार अवस्थांत घ्यावे असे म्हणेन: गाडी कुलूपबंद करून पूर्ण झोपलेली (म्हणजे तिचे संगणक बंद झालेले) असताना, कुलूप उघडल्यावर, गाडी चालण्यास तयार असताना, आणि चार्जिंग चालू असताना.

पहिल्या अवस्थेत अडचण अशी की दार उघडे असेल तर गाडी झोपतच नाही. त्यासाठी उघड्या दाराचे लॅच स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद करावे, म्हणजे दार लागले आहे असे गाडीला वाटते. मग चावी दूर ठेवून, गाडी बाहेरून कुलूपबंद करून, अर्धा-पाऊण तास थांबावे आणि त्यानंतरच मोजावे. (दार लावण्यापूर्वी हँडल ओढून लॅच मोकळे करायला विसरू नये, नाहीतर लॅचच मोडेल.) एवढे थांबायचे कारण असे की काही फ्यूज सतत जिवंत वाटतात, पण बॅटरी वाचवण्यासाठी गाडी ते काही वेळाने स्वतःच बंद करते. अशा फ्यूजवर पिवळी वायर जोडली, तर आपण घरी पोहोचेपर्यंत कॅमेरा चालतो आणि रात्री ज्या वेळी त्याची गरज असते त्या वेळी बंद असतो.

चौथी अवस्था इलेक्ट्रिक गाडीपुरतीच आहे आणि तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. चार्जिंगची गन लावली की डीसी-डीसी कन्व्हर्टर जागा होतो, लहान बॅटरीवरचे व्होल्टेज १३.५ ते १४.५ च्या आसपास जाते, आणि गाडी चालू केल्यावरच जिवंत व्हायला हवेत असे काही फ्यूजही काही गाड्यांत चार्जिंगच्या वेळी जिवंत होतात. लाल वायर तसल्या फ्यूजवर असेल, तर कॅमेरा रात्रभर घराच्या भिंतीचे चित्रण करत राहतो आणि मेमरी कार्डवरची दिवसभराची चित्रफीत पुसली जाते. चार्जिंग चालू असताना मेलेला आणि गाडी तयार असताना जिवंत असलेला फ्यूज शोधायला वेळ लागतो, पण तो शोधावाच. प्रोब टेकवण्यापलीकडचे कोणतेही काम गन लावलेली असताना करू नये.

एअरबॅग, एबीएस, स्टिअरिंग, ब्रेक आणि बॅटरीची देखरेख करणारा संगणक यांचे फ्यूज मोजण्यात सोयीचे दिसले तरी वगळावेत. लायटरचे सॉकेट, मागचा वायपर, यूएसबी पोर्ट असे बिनमहत्त्वाचे फ्यूज या कामाला योग्य असतात.

जोडणीसाठी फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजच्या खाचेत बसून जादा वायर काढून देणारा जोड, वापरावा. फ्यूज दिसायला सारखे वाटले तरी मिनी, लो-प्रोफाइल मिनी आणि मायक्रो २ हे आकार वेगळे आहेत, म्हणून जुना फ्यूज काढून त्याच्या मापाचाच टॅप आणावा. टॅपमध्ये दोन फ्यूज बसतात: खालच्या जागी मूळ सर्किटचा त्याच अँपिअरचा, आणि वरच्या जागी कॅमेऱ्यासाठी लहान, साधारण २ किंवा ३ अँपिअरचा. टॅप उलटाही बसतो आणि उलटा बसला तरी कॅमेरा चालतो, म्हणून ही गोष्ट सहज निसटते. मूळ फ्यूज काढल्यावर रिकाम्या खाचेतल्या ज्या बाजूला वीज येते, त्या बाजूला टॅपचा कोणता पाय जायला हवा हे त्याच्या पाकिटावरच्या आकृतीत पाहावे. सरळ बसलेल्या टॅपमध्ये कॅमेऱ्याची वीज मूळ फ्यूजमधून जात नाही. खालचा मूळ फ्यूज काढून वरच्या फ्यूजवर मोजले की हे लगेच पडताळता येते: तरीही वीज दिसली तर टॅप सरळ बसला आहे.

उद्यमबागेच्या बाजूला उत्तम हात असलेले ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांच्यातल्या एका मामांनी मला सांगितले होते, “फ्यूज कशाला शोधत बसताय सर, लायटरच्या वायरीला जॉइंट मारून देतो, पाच मिनिटांचं काम.” मी त्यांना नम्रपणे नको म्हटले. वायर सोलून मारलेल्या जॉइंटला स्वतःचा फ्यूज नसतो, पावसाळ्याच्या दमटपणात तो हिरवा पडतो, आणि बाहेरून केलेल्या वायरिंगमुळे झालेला बिघाड वॉरंटीतून सहसा वगळलेला असतो. खानापूर किंवा चोर्ला घाटाकडे नेहमी जाणाऱ्यांनी तर तो विचारही करू नये. टॅप मात्र काढून मूळ फ्यूज बसवला की गाडी होती तशी होते.

काळ्या वायरीचे टर्मिनल बॉडीच्या धातूत थेट जाणाऱ्या बोल्टखाली घट्ट बसवावे. प्लास्टिकच्या ब्रॅकेटवरचा किंवा रंगावर बसलेला बोल्ट चालत नाही, आणि कॅमेरा मधूनच बंद पडून पुन्हा सुरू होत असेल तर बहुधा दोष इथेच असतो. वायर छताच्या कडेने आणून पुढच्या काचेशेजारच्या पिलरमधून खाली घेताना विशेष सावध राहावे. ज्या गाड्यांना पडदा एअरबॅग आहे, त्यांत ती छताच्या कडेने आणि पिलरपर्यंत घडी घालून बसवलेली असते. वायर तिच्यावरून न नेता मागून न्यावी आणि मूळ वायरिंगच्या गुच्छाला बांधावी, म्हणजे एअरबॅग उघडताना आड येणार नाही. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरांना हात लावू नये. पिलरचे आवरण काढायचे धैर्य नसेल, तर एवढेच काम जाणकाराकडून करून घेण्यात काही कमीपणा नाही.

शेवटी वीज तोडण्याची पातळी. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली आणि शांत असताना १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते आणि १२.२ च्या आसपास ती निम्मी उरलेली असते. म्हणून किटवर ११.६ किंवा ११.८ ची सोय असली तरी मी १२.२ च्या खाली जाणार नाही आणि १२.४ मिळत असेल तर तेच ठेवेन. रात्रीचे काही तास चित्रण कमी झाले तरी सकाळी गाडी सुरू होणे जास्त महत्त्वाचे. पहिल्या काही दिवसांत सकाळी कुलूप उघडण्यापूर्वी बॅटरीचे व्होल्टेज मोजता आले तर मोजावे, आणि आकडा रोज थोडा थोडा उतरत असेल तर पातळी आणखी वर न्यावी किंवा पार्किंगचे चित्रण फक्त धक्का बसल्यावर सुरू होईल असे करावे. काही नव्या इलेक्ट्रिक गाड्यांत लहान बॅटरीसुद्धा लिथियमची असते. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी जवळजवळ संपेपर्यंत १३ व्होल्टच्या आसपासच राहते आणि मग एकदम कोसळते, त्यामुळे वरचे आकडे तिला लागू होत नाहीत. तिथे व्होल्टेजवर विसंबण्याऐवजी ठरावीक तासांनी वीज तोडणारा किट घ्यावा.