शेवटच्या फर्म्यातली कोरी पृष्ठं

नागपूर, रविवार रात्र

कादंबरी स्वतः छापायची, त्यासाठी वाचकांकडून आधी पैसे गोळा करायचे, असं ठरवणाऱ्या लेखकाला सगळे सांगतात: प्रचार कर. मला वाटतं, पहिलं काम वजनकाट्याचं आहे. पुस्तकाचं वजन कळल्याशिवाय नोंदणीची रक्कम ठरवता येत नाही.

डेमी आकार, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. कागद ७० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम. फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला कागद, १६ पृष्ठांचा. १४ फर्म्यांची कादंबरी २२४ पृष्ठांची, म्हणजे ११२ पानं. त्यांचं वजन २३७ ग्रॅमच्या आसपास भरतं. कव्हर आणि गोंद धरून पुस्तक २६० ग्रॅमपर्यंत जातं. पुठ्ठा आणि वेष्टनाचे ३५ ग्रॅम धरले की पाकीट २९५ चं. टपाल खात्याच्या ज्ञान पोस्ट या पुस्तकं पाठवायच्या सेवेत (१ मे २०२५ पासून सुरू) ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि वर कर लागतो. एक फर्मा वाढला की १७ ग्रॅम वाढतात आणि प्रत्येक पाकीट वरच्या दरात जातं. हे छपाईनंतर कळलं तर इलाज नसतो. अक्षर जुळवतानाच फर्मे मोजावेत. पण फर्मा वाचवण्यासाठी दोन ओळींमधली जागा आवळू नये. देवनागरीत वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात आणि वाचणाऱ्याचे डोळे शिणतात.

आता पैसे. उदाहरणादाखल ५०० प्रती, आणि अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, छपाई, बांधणी मिळून खर्च ७०,००० रुपये धरू. प्रकाशनपूर्व सवलतीची किंमत २५० रुपये, टपालासह. बहुतेक जण ७०,००० ला २५० नी भागतात आणि २८० नोंदी पुरे समजतात. टपाल आणि वेष्टनाचे ४० रुपये वजा केले तर हाती २१० उरतात, आणि नोंदी लागतात ३३४. ही ५४ नोंदींची खोट शेवटी लेखकाच्याच खिशातून जाते. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि कायद्यात नेमलेली आणखी तीन ग्रंथालयं यांना प्रकाशनापासून ३० दिवसांत स्वखर्चानं एकेक प्रत पाठवावी लागते. त्या चार प्रतीही खर्चातच मांडाव्यात.

लोकांकडून आगाऊ पैसे जमवायच्या किकस्टार्टर या संकेतस्थळाचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो: ठरलेल्या मुदतीत लक्ष्य गाठलं नाही तर कुणाचेच पैसे कापले जात नाहीत. आपल्याकडे यूपीआयवर पैसे आधीच जमा होतात, म्हणून हा नियम लेखकानं स्वतःवर घालून घ्यायला हवा. वेगळं बँक खातं उघडावं. ३३४ झाल्या नाहीत तर अमुक तारखेला परतफेड, हे नोंदणीच्या पहिल्या ओळीत लिहावं. नोंदवहीत मोबाइल क्रमांक ही ओळख ठेवावी. पैसे मुलाच्या खात्यातून येतात, पुस्तक वडिलांच्या नावानं हवं असतं, आणि नावावरून जुळणी करायला बसलं की गोंधळ होतो. व्यवहार क्रमांक आणि पिनकोड वेगळ्या रकान्यांत हवेत. ‘घेतोच’ म्हणणाऱ्याची नोंद पैसे आल्याशिवाय धरू नये, मग तो सख्खा मित्र का असेना.

हा मार्ग नागपूरला नवा नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी इथेच लिमिटेड मंडळ काढलं, भागभांडवल उभारलं, वर्गणीदार जमवत गावोगाव हिंडले. खंड २३ निघाले. एवढ्या मोठ्या कामापुढे एक कादंबरी काहीच नाही, पण भरवसा मागण्याची रीत तीच.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो, लेखक स्वतःच्या नावानं अर्ज करू शकतो. मुखपृष्ठ पक्कं होण्याआधी तो हातात हवा, नाहीतर बारकोडसाठी मलपृष्ठ पुन्हा मांडावं लागतं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की रफार सरकतात, ‘ऱ्या’ तुटतो. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडलेला नसला तर जोडाक्षरं फुटतात. म्हणून मुद्रितशोधन शेवटच्या पीडीएफवरच करावं, वर्ड फाइलवर केलेलं पुरत नाही. नागपूरचा मेही लक्षात ठेवावा. बंद गाडीत ठेवलेल्या गठ्ठ्यांचा कण्याचा गोंद मऊ पडतो. पावसाळ्यात एका बाजूनं लॅमिनेशन केलेलं कव्हर बाहेर वळतं, कारण आतली बाजू दमट हवा शोषते. गठ्ठे आडवे, वर वजन ठेवून रचावेत.

एवढं झाल्यावरही ३३४ वाचक आणायचे कुठून? आपल्या ओळखीचं वर्तुळ शंभर-दीडशेवर आटतं. पुढचे वाचक दुसऱ्या लेखकांच्या शब्दावर येतात. म्हणून प्रत्येक लेखकानं आपल्या पुस्तकात इतरांच्या आवडलेल्या पुस्तकांच्या शिफारशींची यादी द्यावी, आणि तो शब्द खरा असावा लागतो. ‘तू माझं लिही, मी तुझं लिहितो’ असा व्यवहार वाचक दोन पुस्तकांत ओळखतो. शिफारस करायची तर पुस्तक पूर्ण वाचून, शंभर-दीडशे शब्दांत. कथानकाचा सारांश नको. कुणाला आवडेल आणि कुणाला जड जाईल, दोन्ही लिहावं. प्रत भेट मिळाली असेल तर तसं सांगावं. न आवडलेल्या पुस्तकाबद्दल मित्राला एकांतात सांगावं आणि यादीत घेऊ नये. हे अवघड आहे, मैत्री ताणली जाते, तरी पर्याय नाही. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या स्टॉलपुढे उभं राहून बघावं. दूर गावाहून आलेला माणूस मोजक्या पैशांतून पुस्तक निवडतो. त्याचे पैसे खोट्या शिफारशीवर खर्च होऊ नयेत.

शिफारशी छापायच्या कुठे? ज्ञान पोस्टला जाहिराती असलेलं प्रकाशन चालत नाही, पुस्तकांची यादी चालते. प्रकाशक किंवा मुद्रकाचं नाव मात्र छापलेलं हवंच. आता फर्म्यांकडे परत येऊ. कादंबरी २१७ पृष्ठांत संपली तर १४ व्या फर्म्यात सात पृष्ठं कोरी उरतात. त्यांचा कागद आणि वजन आपण तसंही भरलेलं असतं. तिथे सहा पुस्तकांच्या शिफारशी बसतात, पृष्ठाला एक, आणि सातवं मोकळं सोडावं. प्रत्येकाखाली लेखक, प्रकाशक, आयएसबीएन द्यावा. किंमत आणि फोन टाळावेत, वर्षभरात दोन्ही बदलतात. छपाईची प्लेट निघण्याआधी त्या सहा लेखकांना पृष्ठ दाखवून नावांचे ऱ्हस्व-दीर्घ तपासून घ्यावेत.