अर्धा ग्लास पाणी

आज नवरा डायलिसिसवरून आल्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं, कारण काय तर अर्धा ग्लास पाणी. जास्तीचं पाणी अंगात साठतं, पाय सुजतात, धाप लागते, हृदयावर ताण येतो, हे सगळं त्यालाही पाठ आहे, पण मी ग्लास काढून घेतला तर म्हणतो, तू बायको कमी आणि वॉचमन जास्त झालीयेस. लागलं मनाला. आठवड्यातून 3 दिवस 4-4 तास मशीनला, घरी आला की गळून झोपतो, आणि आमचं बोलणं म्हणजे वजन किती, बीपी किती, गोळी घेतली का... बाथरूममध्ये नळ सोडून रडले (त्यातही पाणीच बघा). सगळे विचारतात तो कसा आहे. तू कशी आहेस, हे आज त्यानेच विचारलं, रात्री लाइट बंद केल्यावर. मी काही बोलले नाही, हात धरला फक्त, मशीनच्या सुया जिथे टोचतात तो फिस्टुला नसलेला.