पॉलिसीतली एक तारीख

गेल्या मार्चमधली गोष्ट. माझ्या ई अँड ओ, म्हणजे कामातल्या चुकांसाठीच्या विम्याची मुदत ३१ तारखेला संपत होती आणि दुसऱ्या एका कंपनीचं कोटेशन नऊशे डॉलरने स्वस्त आलं होतं. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये होम इन्स्पेक्शनची, म्हणजे विकत घ्यायचं घर आधी तपासून देण्याच्या कामाची फ्रँचायझी घेऊन मला तेव्हा चार वर्षं झाली होती. फ्रँचायझीची रॉयल्टी, जनरल लायबिलिटी विमा, गाडीचा विमा, मदतनिसाला कामावर इजा झाली तर वर्कर्स कॉम्प विमा एवढं सगळं भागवणाऱ्याला नऊशे डॉलर थोडे नसतात.

२७ तारखेला सकाळी सही करायला बसले. आमचे एजंट मूळचे नाशिकचे. फोनवर त्यांना आकडे वाचून दाखवत होते, तर म्हणाले, "वहिनी, आकडे राहू द्या. रेट्रोअॅक्टिव्ह तारीख काय लिहिलीय?"

"१ एप्रिल. याच वर्षाची."

"मग सही नका करू. चार वर्षांत तपासलेली सगळी घरं उघडी पडतील."

तपासणीत काही नजरेतून सुटलं, तर त्यासाठी हा एरर्स अँड ओमिशन्स विमा. तो बहुधा 'क्लेम्स-मेड' असतो. गाडीच्या विम्यात अपघात झाला त्या दिवशीची पॉलिसी बघतात. इथे दावा आला त्या दिवशीची. त्यातही तपासणी रेट्रो तारखेच्या आधीची निघाली, की कंपनी हात वर करते. जुन्या पॉलिसीला 'टेल', म्हणजे ती संपल्यावर येणाऱ्या दाव्यांसाठीची वाढीव मुदत, जोडून घेता येतं, पण त्याचे पैसे वेगळे. परवान्यासाठी न्यू जर्सीत प्रत्येक घटनेमागे किमान ५,००,००० डॉलरचं संरक्षण दाखवावं लागतं. फ्रँचायझी देणाऱ्या कंपनीला पॉलिसीत स्वतःचं नाव 'अॅडिशनल इन्शुअर्ड', म्हणजे संरक्षणातला आणखी एक वाटेकरी म्हणून हवं असतं. रेट्रो तारीख मात्र मला तोवर कोणीच विचारली नव्हती.

दुपारी टपालात वकिलाचं पत्र आलं. दोन वर्षांपूर्वी तपासलेलं घर, तरुण जोडपं, त्यांचं पहिलंच घर. मागचा डेक, म्हणजे लाकडी ओटा, घराच्या भिंतीला ज्या फळीने जोडलेला असतो, तो लेजर बोर्ड आतून कुजला होता. मागणी अठरा हजार डॉलरची.

मी रिपोर्ट उघडला. फोटो क्रमांक ४१. लेजरवर फ्लॅशिंग (पाणी अडवणारी पट्टी) नाही, भिंतीत पाणी मुरू शकतं, घर घेण्याआधी सुताराला दाखवा, असं माझ्याच शब्दांत. तरी हात थरथरत होते. 'जबाबदारी फीपुरतीच' असं करारात घालून इथे सुटका नाही. ३८५ डॉलर फीच्या निम्म्यावर जबाबदारी आणणारं असंच एक कलम न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने २००४ मध्ये अमान्य केलं. पाठीशी उभा राहणार तो विमाच. सकाळी सही करून जुन्या पॉलिसीकडे पाठ फिरवली असती आणि हेच पत्र एप्रिलमध्ये आलं असतं, तर तोही नसता.

त्याच संध्याकाळी चालू कंपनीकडे दावा नोंदवला आणि जुनी रेट्रो तारीख कायम ठेवून त्यांच्याकडेच नूतनीकरण केलं. अडीच हजारांचं डिडक्टिबल माझ्या खिशातून गेलं.

"त्या लोकांशी परस्पर बोलू नका," असं विमा कंपनीच्या अॅडजस्टरने, म्हणजे दावा हाताळणाऱ्या माणसाने बजावलं. ते मला फार जड गेलं. तपासणीच्या दिवशी त्या मुलीने मला थर्मासमधला चहा दिला होता. डेकवर उभं राहून इथे तुळस ठेवणार म्हणाली होती. फोन करून एवढंच विचारायचं होतं, डेकवर कुणी जात नाहीये ना?