रात्रपाळीतला अल्गॉल: या हिवाळ्याच्या नोंदी

या हंगामात दुर्बीण खोक्यातच राहिली आहे. भाद्रपदात वडिलांना पक्षाघाताचा झटका आला, त्यात उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, आणि ही रात्रपाळी माझ्याकडे असल्यामुळे दुर्बिणीपाशी तासन्‌तास बसण्याचा प्रश्नच उरलेला नाही. या वेळापत्रकात बसेल असे आकाशात काही सापडते का, हे चाचपताना ययाती तारकासमूहातील अल्गॉल हाती लागला. पुढील नोंदी त्या एकाच ताऱ्याच्या आहेत.

रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणारे, तारे पाहणाऱ्यांना अल्गॉलची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. तरी त्याचे वेळापत्रक येथे महत्त्वाचे आहे. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्याचा मंद जोडीदार तेजस्वी ताऱ्यापुढून जातो आणि त्याची प्रत (तेजाचे माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद) २.१ वरून ३.४ पर्यंत उतरते. उतरायला सुमारे पाच तास आणि पुन्हा चढायला तितकेच तास लागतात, म्हणजे दोन तासांनी एक नोंद घेतली तरी एका पिधानात, म्हणजे तारा असा झाकला जाण्याच्या काळात, चार-पाच बिंदू मिळतात. ही नियमितता १७८३ मध्ये जॉन गुडरिक याने यॉर्क येथील निरीक्षणांवरून मांडली, आणि एखादी काळी वस्तू ताऱ्यापुढून जात असावी ही अटकळही त्याचीच. तो कर्णबधिर होता आणि तेव्हा विशीचाही नव्हता. साध्या डोळ्यांनी केलेले हे काम आजही साध्या डोळ्यांनी पडताळता येते, याचे मला या दिवसांत विशेष अप्रूप वाटते.

तुलनेसाठी देवयानीतील गॅमा (२.१), ययातीतील एप्सिलॉन (२.९) व डेल्टा (३.०) आणि त्रिकोणातील अल्फा (३.४) हे तारे घेतले आहेत. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी अल्गॉलच्या अगदी शेजारचा ऱ्हो मात्र टाळावा, कारण तो स्वतःच रूपविकारी आहे. वडिलांच्या खोलीत झिरोचा लाल बल्ब लावला आहे. त्यामुळे त्यांची झोपमोड होत नाही आणि अंधाराला सरावलेले माझे डोळेही बिघडत नाहीत. कूस बदलून, उशा नीट लावून, जिन्याचे दार उघडे ठेवून मी दहा मिनिटे गच्चीवर जातो. नोंदीसाठी ज्युलियन दिनांक (खगोलनिरीक्षकांची सलग दिवसगणती) वापरावा, असे सुचवतो. तो आपल्याकडे सायंकाळी साडेपाचला बदलतो, त्यामुळे एक अख्खी रात्र एकाच दिनांकाखाली येते.

कार्तिकातील एका पिधानाचा मध्य रात्री दीडच्या सुमारास होता. साडेनऊला तारा २.२ वर, जवळजवळ नेहमीसारखाच होता. साडेअकराला तो एप्सिलॉनपेक्षा किंचितच उजळ भरला, म्हणून २.८ लिहिले. दीड वाजता तो आणि त्रिकोणातील अल्फा यांत डावे-उजवे करता येईना. खाली वडिलांना ताप होता आणि दुसऱ्या दिवशीच्या औषधांची जुळवाजुळव व्हायची होती. तरी त्या दहा मिनिटांत मी निव्वळ खूश होतो, हे नोंदवहीत लिहून ठेवले आहे. साडेतीनला तो पुन्हा २.८ वर आला. साडेपाचला मात्र वायव्येकडे शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीआड गेला होता.

दुसऱ्या दिवशी आलेखाच्या कागदावर बिंदू मांडत असताना वडिलांनी डाव्या हाताने कागद मागितला. त्यांची सारी हयात सोलापुरातील गिरणीत मागावर गेली, त्यामुळे मोजून केलेल्या कामाबद्दल त्यांना आदर आहे. त्यांनी तर्जनी पहिल्या बिंदूवर ठेवली, सावकाश खाली नेली, वर आणली आणि साडेतीनच्या पुढच्या कोऱ्या जागेवर दोनदा टकटक केले. पुढचा बिंदू कुठे आहे, असे त्यांना विचारायचे होते. टाकीचे कारण सांगितल्यावर ते तोंडाच्या एका बाजूने हसले. हे लिहिताना मी प्रयत्नपूर्वक कोरडा राहतो आहे.

सोलापूर पर्जन्यछायेत असल्याने पावसाळा सरला की आकाश बहुधा साथ देते. रस्त्यावरच्या दिव्यांचे काय करायचे, ते वीज मंडळ अधूनमधून स्वतःच पाहते. लागोपाठची पिधाने घड्याळात सुमारे तीन तास अकरा मिनिटांनी अलीकडे सरकत असल्यामुळे सोयीच्या दोन-तीन रात्री साधारण तीन-तीन दिवसांच्या अंतराने मिळतात आणि तशीच मालिका साधारण वीस दिवसांनी परत येते. सिद्धेश्वर यात्रेतील शोभेच्या दारूकामाची रात्र अशा मालिकेत आली, तर होम मैदानाकडचा धूर निवळेपर्यंतच्या नोंदी मी शंकास्पद म्हणूनच लिहीन.

उन्हाळ्यात अल्गॉल सूर्याच्या तेजात हरवेल. त्यानंतर स्वरमंडलातील बीटा घेण्याचा विचार आहे. त्याचे चक्र जवळजवळ तेरा दिवसांचे असल्याने रात्रीतून एक नोंद पुरते. फिजिओथेरपीवाल्या ताईंच्या अंदाजाने तोवर वडील स्वतःची कूस स्वतः बदलू लागतील, आणि तसे झाले तर मलाही रात्रीतून एकदाच उठावे लागेल.