१४० ची रेघ

माझ्या ऑफिसच्या दाराच्या चौकटीवर काळ्या मार्करने मारलेल्या तीन रेघा आहेत. खालची १००, मधली १२०, वरची १४०. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, "इथवर पाणी आलं होतं का हो पुराचं?"

जळगावात टूरचा धंदा करतोय त्याला वीस वर्षं झाली. खरी रोजीरोटी चारधाम, अष्टविनायक आणि उन्हाळ्यातल्या शिमला-मनालीवर. त्या रेघा मात्र माझ्या एका चुकीपायी मारलेल्या आहेत. काही वर्षांपूर्वी भुसावळच्या एका रेल्वेवाल्या कुटुंबाला मी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी एका मनोरंजन पार्कला पाठवलं. तिकिटं, हॉटेल, गाडी, सगळं चोख. फक्त पोराची उंची किती, हे विचारायचं राहिलं. पाच वर्षांचं पोर. दिवाळीच्या सुट्टीची गर्दी, तासभर रांगेत उभं राहायचं, आणि पाळण्याच्या तोंडाशी पोचलं की मापाच्या फळीला टेकवून बाजूला काढलं जायचं. नियम तो नियम, तिथल्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. परत आल्यावर बाप ओरडलाही नाही. "दोन्ही दिवस रडत होतं हो," एवढंच म्हणाला आणि उरलेले पैसे टेबलावर ठेवून गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी शिंप्याकडून टेप आणला.

तर गेल्या वर्षी, अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचा शनिवार. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं, कूलरमधून गरम वारा येत होता. रावेरकडचे एक पाटील बायको-मुलांना घेऊन आले. केळीवाले. वहिनींना अखाजीला एरंडोलकडे माहेरी सोडायला निघाले होते, वाटेत माझ्याकडे वळले. मुलगी नुकतीच सातवी झालेली, उंच, हातात मोबाईल. मुलगा सात वर्षांचा. तो दारातून आत आला तो थेट चौकटीला पाठ लावून उभा राहिला. त्याला कुणीतरी आधीच सांगितलेलं असणार.

"मोजा," म्हणाला.

"बूट काढ."

काढेना. बापाने दरडावल्यावर काढले, तर आतून फोमचे तुकडे निघाले. केळीच्या घडांना पॅकिंग करताना फण्यांच्या मधे घालतात तो पांढरा फोम, कात्रीने पायाच्या मापाचा कापलेला, एकेका बुटात चार-चार थर. बाप आधी चमकला आणि मग असा हसला की पाण्याचा ग्लास सांडला. पोरगं लाल. मी टेप लावला: ११८.

त्याला बसायचं होतं मोठ्या रोलरकोस्टरमध्ये. खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका सुरू झालं तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या पोरांना तेच हवं असतं. त्यातल्या सगळ्यात मोठ्या पाळण्याला माझ्या हिशेबाने वरची रेघ लागते. याचं गणित बावीस सेंटिमीटरने चुकत होतं.

"मग थांबू ना," पाटील म्हणाले. "दोघं पोरं बसण्यासारखी झाली का मग जाऊ. एकदाच खर्च, सगळे मिळून. मले घाई नाही."

ऐकायला शहाणपणाचं वाटतं. दहातली आठ माणसं हेच म्हणतात. मी पावतीपुस्तकाचं मागचं पान घेतलं आणि आडव्या रेघा मारल्या. या वयाची पोरं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे पुढच्या वर्षी १२३-१२४, मग १२९ च्या आसपास, मग १३५, आणि १४० गाठायला २०२९ उजाडणार. शेजारच्या रकान्यात मुलीची इयत्ता लिहिली. आठवी, नववी, दहावी, अकरावी. २०२९ ला ती बारावीला.

"बारावी सायन्स," पाटील हळूच म्हणाले. "नीटचे क्लास."

"आणि सतरा वर्षांची पोरगी भावासोबत, आईबापासोबत पार्कात येते का, तेही बघा."

मुलीने मोबाईलमधून मान वर केली नाही, पण म्हणाली, "नाही येणार."

दोघांचा मेळ बसेल असं वर्षच त्या पानावर नव्हतं. ती दहावीला असताना तो १३० च्याही आत. तो मापाला येईल तेव्हा ती घरातून निघालेली. पाटलांनी पान उलटंसुलटं करून पाहिलं, जणू मागे एखादं वर्ष शिल्लक असेल.

मी एरवी या जागी माझा माल पुढे करतो. सिंगापूरच्या युनिव्हर्सलमध्ये समोरासमोर पळणारे दोन कोस्टर आहेत, त्यांना १२५ सेंटिमीटर चालतं. म्हणजे दीडेक वर्षातच जमलं असतं, आणि सिंगापूरमध्ये मला सुटतातही चांगले. पण जेमतेम सात एकर बाग असलेल्या माणसाला ते सुचवायला जीभ वळेना. गेल्या उन्हाळ्यात वादळाने निम्मी बाग आडवी पडली, हे त्यांनी खुर्चीत बसता बसताच सांगितलं होतं.

"मग मे मधेच नेऊन आणू. सुट्ट्या आहेत."

"तुम्ही याल मे मधे?"

ते गप्प. मृगबागाची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी लावलेल्या केळीची, कापणी ऐन मे-जूनमध्ये येते, आणि त्याच दिवसांत आभाळ काळं होऊन वारा सुटायची धास्ती. त्या महिन्यात केळीवाला गाव सोडत नाही. सोडला तरी जीव बांधावर. शिवाय कोकणाच्या बाजूला मे म्हणजे घामाची आंघोळ. आपलं ऊन कोरडं असतं, सावलीत बसलं की माणूस सावरतो. तिथे सावलीतही अंग चिकटतं आणि पोरं दुपारी दोनलाच मान टाकतात. जूनच्या मध्यात पाऊस, आणि जोराचा पाऊस किंवा विजा सुरू झाल्या की उंच पाळणे बंद ठेवतात. दिवाळीचं माझ्या तोंडून निघेना.

"डिसेंबर," मी म्हणालो. "पहिला पंधरवडा. बुधवार-गुरुवार. नाताळाच्या आत परत."

"शाळा बुडवून?"

"चुलतभावाच्या लग्नाला किती दिवस बुडवली होती?"

पाटील बोलले नाहीत. मुलगी बोलली. "सहा."

शाळेबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही, मास्तर मंडळींना तर अजिबात नाही. पण पहिलं सत्र दिवाळीआधी संपलेलं, दुसऱ्याचा अभ्यास अजून अंगावर आलेला नाही, आणि कांदेबागाची, म्हणजे केळीच्या दुसऱ्या हंगामाची, लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरात उरकलेली. खान्देशातल्या केळीवाल्याला अख्ख्या वर्षात एवढीच एक फट सापडते. पार्कला आठवड्याच्या मधल्या दिवशी गर्दी कमी, हे वरून.

"पण या पोऱ्याले नेऊन काय फायदा? बसता तं येणार नाही."

तोवर वहिनी एक शब्द बोलल्या नव्हत्या. पदराने वारा घेत भिंतीवरचं पोस्टर बघत होत्या. त्यांनी मला विचारलं, "भाऊ, ते एस्सेल वर्ल्ड आहे का अजून?"

"२०२२ ला बंद झालं, वहिनी."

"बंदच?"

"बंदच."

त्यांच्या दहावीच्या वर्षी शाळेची सहल मुंबईला, एस्सेल वर्ल्डला गेली होती. लाँचमधून जायचं, हे सगळ्या पोरींना महिनाभर आधीपासून पाठ. वडिलांनी पैसे भरले होते, पण आदल्या दिवशी आजोबा म्हणाले, पोरीची जात, रात्री बाहेर कशाला. पुढच्या वर्षी आपण सगळेच जाऊ. पुढच्या वर्षी साखरपुडा झाला. हे त्यांनी कुणाला ऐकवावं तसं सांगितलं नाही. पोस्टरलाच सांगितल्यासारखं सांगितलं. मग म्हणाल्या, "मोठ्या माणसाला पण माप लागतं का?"

"लागतं की."

त्या उठल्या, चपला काढल्या आणि चौकटीला उभ्या राहिल्या. अंबाड्यावर टेप टेकवायला मला संकोच वाटला, म्हणून मुलीच्या हातात दिला. तिने मोबाईल ठेवला, आईचा अंबाडा दाबून खाली बसवला आणि आकडा वाचला. "एकशे चव्वेचाळीस."

रेघेच्या वर दोन बोटं भरेल न भरेल एवढं.

"झोक्यावर तर मी कुणाला ऐकायची नाही," वहिनी म्हणाल्या. "अखाजीला आमच्या निंबाला बांधतात ना, मी तर उभ्याने घ्यायची. फांदीला पाय लावून यायचे."

पाटील बायकोकडे बघत राहिले. लग्नाला पंधरा वर्षं झालेल्या माणसाला नवीन काही कळलं की तोंड कसं होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं.

बाकीचं पटकन सांगतो. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा ऑक्टोबरात भुसावळ ते कल्याण तिकिटं काढली. मुलगा पाच ते बारामधला, म्हणून पाटलांनी अर्धं तिकीट मागितलं. अर्ध्यात बर्थ मिळत नाही म्हटल्यावर कुरकुरत पूर्ण काढलं. कल्याणहून खोपोली लोकल. पार्काच्या तिकिटाचा हिशेबही वयावर नाही, उंचीवर लागतो, हे ऐकून पोरगं एकदाचं खूश झालं. तिथे तरी ते स्वस्तात पडणार होतं. डबा घरचा घेऊ नका म्हटलं होतं, तरी कळण्याच्या भाकरी आणि ठेचा गेलाच.

ठरल्याप्रमाणे गेले, आले. जानेवारीत पाटील बाकीचे पैसे द्यायला एकटेच आले, सोबत भरताची हिरवी वांगी पिशवीभर. मी पोराचं विचारलं. मोठ्या पाळण्याच्या फळीपाशी वीस मिनिटं भोकाड पसरलं, मग लहान पाळण्यात बसून विसरलं. परत येताना गाडीत झोपेपर्यंत त्या लहान पाळण्याचंच सांगत होतं. मुलगी मोठ्यात आईबरोबर एकदा बसली, उतरल्यावर उलटी झाली, पुन्हा नाव नाही.

"आणि वहिनी?"

पाटलांनी नोटा मोजायच्या थांबवल्या.

"चारदा," म्हणाले. "चारदा बसली. मी पोऱ्याले धरून, हातात तिची पर्स अन् चपला घेऊन खाली उभा. पाचव्यांदा निघाली होती, मी म्हटलं, अवं, लोकल चुकीन."

मग पुन्हा पहिल्यापासून नोटा मोजायला लागले.